जुळवाजुळव

जुळवणी हा शब्द आपण लग्नासाठी राखून ठेवला आहे. कारखान्यातल्या जुळवणीला आपण ‘असेंब्ली’ म्हणतो आणि आमदार जमतात त्या जागेलाही. तिथे काय जुळतं ते विचारू नये.

मी बँकेतला कारकून. यंत्राशी संबंध नोटा मोजण्यापुरता. पण शाखा भोसरीत, त्यामुळे खातेदार बहुतेक वर्कशॉपवाले. यांतला एकही जण गाडी बनवत नाही. कोणी वॉशर बनवतो, कोणी ब्रॅकेट. एक काका वीस वर्षं सायलेन्सर धरून ठेवणारा क्लॅम्प बनवताहेत. “साहेब, आपण नसलो तर गाडी खडखडेल!” हे ते पासबुक भरून घेतानाही सांगतात.

1913 साली फोर्डने अमेरिकेत माणसं जागेवर ठेवली आणि गाडीच पुढे सरकवली. चासी जुळवायला साडेबारा तास लागत, ते पुढे 93 मिनिटांवर आले. आमच्या बँकेतही माणसं जागेवरच असतात आणि खातेदार टेबलाटेबलाने पुढे सरकतो. वेळ मात्र 1913 च्या आधीचा लागतो.

चाकणच्या मोठ्या कारखान्यांत सुटे भाग साठवून ठेवत नाहीत, लागतील तसे मागवतात. हे मला पटतं. पडून राहिलेला माल म्हणजे पडून राहिलेला पैसा, आणि त्यावरचं व्याज आम्हीच लावतो. पण त्यामुळे काकांचा टेम्पो वाटेत अडकला, की लाईन ठप्प! इंजिन तयार, चाकं तयार, सगळं वऱ्हाड अक्षता घेऊन उभं, आणि मामा यायचा आहे. दीडदमडीच्या क्लॅम्पला तेवढ्यापुरता जावयाचा मान.

1972 साली आकुर्डीला चेतक बनू लागली, तेव्हा लग्न आधी जुळायचं आणि नंबर लावलेली स्कूटर कित्येक वर्षांनी मिळायची. 2009 साली बजाजने स्कूटरचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. 2020 पासून चेतक परत आली ती विजेवर. आधी चाकणला बनायची, 2022 साली आकुर्डीलाही बनू लागली. आकुर्डीच्या माणसांना केवढा आनंद! काकाही शोरूममध्ये जाऊन वाकून पाहून आले. दुसऱ्या दिवशी काउंटरवर आले ते पासबुक न काढताच.

“साहेब, हिला सायलेन्सरच नाही हो.”

सायलेन्सर नाही, स्पार्क प्लग नाही, किक नाही. पेट्रोलच्या मोटरसायकली चाकणला अजून बनतात, त्यामुळे चूल बंद नाही पडली. पण काकांकडे कामाला सहा माणसं आहेत. त्यांतल्या एकाच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे.

मागच्या महिन्यात काकांनी खिशातून एक नवा क्लॅम्प काढून माझ्या लेजरवर ठेवला. बॅटरीच्या तारा धरून ठेवणारा. नमुना पास झाला होता. डाय बनवायला कर्ज हवं होतं.

मी कामाला लागलो. ताळेबंद, जीएसटीचे कागद, स्टॉक स्टेटमेंट, कोटेशन, एकेक जोडत गेलो. टाचणीसुद्धा बेताने टोचली. फाईल आता मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आहे. सगळं जुळलंय. फक्त जामीनदाराची सही राहिली आहे. जामीनदार काकांचे मेहुणे, म्हणजे काकांच्या मुलांचे मामा. ते गावाहून यायचे आहेत.