आमचीही बनवाबनवी

परवा नातीने मोबाईलवर ‘अशी ही बनवाबनवी’ लावला आणि हसून हसून पुरेवाट झाली तिची. “आजी, तू का गं हसत नाहीस?” तिने विचारले. तिला तेव्हा दिले नाही ते उत्तर इथे लिहिते.

हा चित्रपट १९८८ चा. दिग्दर्शन सचिन यांचे, लेखन वसंत सबनीस यांचे. १९६६ च्या हिंदी ‘बीवी और मकान’वर बेतलेला. पुण्यात खोली मिळेना म्हणून चौघांपैकी दोघे साडी नेसून बायका होतात, एवढीच गोष्ट. त्या काळच्या विनोदी चित्रपटांच्या लाटेकडे बघून बरेच समीक्षक नाक मुरडत. अंगविक्षेप आणि पांचटपणा म्हणजे विनोद का, असा त्यांचा सूर. लोकांनी मात्र चित्रपट डोक्यावर घेतला, आणि आज जाणकारही त्याचे कौतुक करतात. माझे म्हणणे या दोन्हींपेक्षा वेगळे आहे.

त्याच वर्षी लग्न होऊन आम्ही सास्तूरहून शहरात आलो. ह्यांची नोकरी नवी. खोली बघायला गेले की भाड्याच्या आधी आडनाव विचारत. चार ठिकाणी खरे सांगितले. चारही खोल्या ‘कालच गेल्या’ होत्या. पाचव्या दारात हे म्हणाले, “सास्तूरकर.” खोली मिळाली. तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो मी ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवला.

घरमालकीणबाई प्रेमळ होत्या. त्यांनीच मला हा सिनेमा दाखवायला नेले. खोटे बोलून खोली मिळवणारे भाडेकरू बघून त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मीही हसले. पण पडद्यावर सोंग उघडे पडायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा.

१४ एप्रिलला पहाटे दार लावून आम्ही ट्रंक उघडली, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटले. खोटे न बोलण्याचे शील म्हणताना माझा आवाज अडला. बाहेर बाईंच्या कानावर शब्द गेले होते. संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, “आठ दिवसांत खोली रिकामी करा.”

सिनेमात बिंग फुटते, माफी मिळते, जोड्या जुळतात. आपल्या माणसांचे बिंग फुटते तेव्हा काय होते? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब पारशी नाव सांगून पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे दारात आली. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा अशाच बिऱ्हाडाची. तिथे कोणी हसत नाही.

म्हणून मी त्या चित्रपटाला वाईट म्हणत नाही. हसवणे सोपे नसते. पण उथळ की दर्जेदार एवढ्यावरच वाद घालणाऱ्यांनी हेही विचारावे, की घरासाठी सोंग घ्यावे लागणे हा कोणाला खेळ वाटतो आणि कोणाला नाही?

पुढची खोली बौद्ध वस्तीत मिळाली. पत्र्याची, पावसात गळणारी. सामान आत नेण्याआधी मी भिंतीला खिळा ठोकून फोटो लावला.

दोन-तीन वर्षांनी नात शिकायला पुण्याला जाईल, खोली शोधेल. पोरी, सिनेमा बघून पोटभर हस. पण दारात कोणी आडनाव विचारले, तर आपले खरे आडनाव सांग.