लेझर स्कॅनर ‘वाचत नाही’ तेव्हा

कन्व्हेयरशेजारी बसवलेला लेझर स्कॅनर बारकोडच्या रेघांवरून लाल किरण फिरवतो आणि परतलेल्या उजेडातला चढउतार मोजतो. किरण फिरवतो तो मोटरवर गरगरणारा बहुभुज आरसा, परतलेला उजेड टिपतो फोटोडायोड आणि त्याचे आकडे करतो डीकोडर. बिघाड यांपैकी कुठेही असो, शॉपफ्लोअरवरून तक्रार एकच येते: ‘वाचत नाही.’

पट्टा थांबवून हमखास वाचले जाणारे एक लेबल किरणासमोर धरावे, ही पहिली तपासणी. ते वाचले गेले तर स्कॅनरवरचा संशय बराचसा फिटतो. प्रत्यक्षात मात्र काच पुसणे, केबल हलवणे आणि स्टोअरमधून नवा स्कॅनर मागवणे हे सगळे त्याआधीच होऊन जाते. मग लाइन सुरू झाली तरी कशाने झाली हे कुणाला सांगता येत नाही.

किरणच दिसत नसेल तर लेझर डायोड गेला असे लगेच समजू नये. आरसा थांबला की किरण एकाच ठिकाणी रोखला जाईल आणि ते डोळ्यांना धोक्याचे, म्हणून मोटरने वेग धरला नाही तर अनेक स्कॅनर स्वतःच लेझर बंद करतात. बेअरिंग झिजल्याचा घरघराट किंवा २४ व्होल्टच्या पुरवठ्यातली घट आधी तपासावी.

किरण व्यवस्थित असेल तर मोर्चा लेबलाकडे वळवावा. बहुतेक दुखणी तिथेच असतात. पांढऱ्यावर लाल छपाई माणसाला ठळक दिसते, पण लाल किरणाला लाल रेघ पांढऱ्या कागदासारखीच भासते. कोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागाही लागते. कोड १२८ ला ती सर्वांत बारीक रेघेच्या दहापट तरी हवी. थर्मल प्रिंटरच्या हेडवरचा एखादा बिंदू जळाला की कागद सरकतो त्या दिशेने पांढरी चीर उमटते. रेघा त्याच दिशेने छापलेल्या असतील तर एखादी रेघ वरपासून खालपर्यंत बारीक होते, आणि किरण कुठूनही गेला तरी कोड उलगडत नाही. रेघा आडव्या असतील तर तीच चीर सहज खपून जाते. लेबल चकचकीत असेल तर समोरासमोर पडलेला किरण आरशासारखा थेट परततो आणि फोटोडायोड दिपतो. स्कॅनर पंधरा अंशांच्या आसपास कलता केला की हे थांबते.

कधी कधी लेबल चांगले असते, पण वेळच पुरत नाही. किरणाची रेषा पट्ट्याला आडवी, रेघा चालीच्या दिशेने आणि त्यांची उंची २० मिलिमीटर असे धरू. सेकंदाला मीटरभर धावणाऱ्या पट्ट्यावर ते लेबल २० मिलिसेकंदांत निघून जाते. सेकंदाला ५०० फेऱ्या मारणाऱ्या स्कॅनरला तेवढ्यात १० संधी मिळतात. उत्पादन वाढवायला वेग दुप्पट केला आणि कागद वाचवायला लेबल निम्मे केले, तर उरतात अडीच. हे दोन निर्णय सहसा दोन वेगळ्या विभागांत होतात.

न वाचण्यापेक्षा चुकीचे वाचणे वाईट. इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह या कोडवरून तिरका गेलेला किरण अर्धेच आकडे वाचून तेच पूर्ण मानू शकतो. त्यावर उपाय म्हणजे आकड्यांची संख्या सेटिंगमध्ये पक्की करणे.

ठरावीक वेळीच येणाऱ्या दोषाची वेळ वहीत लिहावी. रोज दुपारीच वाचन ढासळत असेल तर खिडकीतून येणारे ऊन पाहावे. शेजारचा मोठा ड्राइव्ह सुरू होताच ढासळत असेल तर केबलचे शील्ड आणि अर्थिंग. स्कॅनर ‘बीप’ करतो पण संगणकावर अगम्य अक्षरे उमटतात, तेव्हा बॉड रेट किंवा पॅरिटी जुळत नसते. दोन कोड एकमेकांना चिकटून येत असतील तर शेवटचे खुणेचे अक्षर पाठवले जात नाही.

एवढे करूनही स्कॅनर बदलावा लागला, तर जुन्याची सेटिंग आधी उतरवून घ्यावी. नवा स्कॅनर कंपनीच्या मूळ सेटिंगवर येतो, आणि लाइनवरचा कोडप्रकार त्यात बंद असला तर नव्या कोऱ्या यंत्राबद्दलही तीच तक्रार येते.