बोलक्या पोरांची शाळा

आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत एक तरी मूल असं असायचं, की डोळे उघडल्यापासून त्याची टकळी सुरू. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढचा शेराही ठरलेला: हुशार आहे, पण वर्गात फार बोलतो. वडील मुकाट्याने सही करायचे, आईला घोर लागायचा आणि आजी म्हणायची, "बोलू दे गं. आतल्या गाठीचा तरी होणार नाही."

त्याच आजीने त्या पोराला एका जागी बसायला शिकवलं. दुपारी ताटात तांदूळ पसरून ती त्याला शेजारी घ्यायची. त्याची बडबड चालूच. शाळेतलं भांडण, कुणाची तरी व्यालेली मांजर, वाटेत दिसलेला नंदीबैल. मधेच पांढऱ्या दाण्यांत पांढराच खडा दिसायचा आणि वाक्य अर्ध्यावर थांबायचं. मान खाली, श्वास रोखलेला, चिमटीत खडा. तो ताटाबाहेर पडला की वाक्य पुढे सुरू. आजीने 'गप्प बस' असं एकदाही म्हटलेलं नसायचं. दिवेलागणीला परवचा व्हायचा. बे एके बे पासून पावकी-निमकीपर्यंत सगळं मोठ्याने. तोंडाला काम मिळालं की मनही तिथेच थांबतं, हे त्या घरांना ठाऊक होतं.

शाळेत मात्र 'हाताची घडी, तोंडावर बोट'. मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायचा, पुन्हा बोललं की नावापुढे फुली. जागा बदलून भिंतीकडेला बसवलं, तरी पोरगं मागच्या बाकाशी बोलायचं. पण काही बाई वेगळ्या होत्या. खडू आणायला, वह्या वाटायला, शेजारच्या वर्गात निरोप द्यायला त्या नेमकं त्यालाच उठवायच्या. निरोप विसरू नये म्हणून तो व्हरांडाभर पुटपुटत जायचा. शनिवारी शेवटच्या तासाला त्या त्याला गोष्ट सांगायला उभं करायच्या. तिथे खरी कसोटी लागायची. बाकावर सुसाट धावणारी जीभ वर्गासमोर 'मग... मग...' करत अडखळायची, कारण राक्षस आधी मेला की राजकन्या आधी सुटली, हे आता स्वतःच नीट आठवायचं होतं. पुढच्या शनिवारी तो मनात गोष्ट जुळवून यायचा. माझ्या मते लक्ष देण्याचा याहून चांगला धडा त्या शाळेत दुसरा नव्हता.

अशा बाईंच्या मागे बालशिक्षणाची एक परंपराही होती. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे हे काम कोसबाडला गेलं. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुलं तो पार उधळून लावतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो, तेव्हा तोच वर्ग कान देऊन बसतो. आधी मुलाला ऐकावंसं वाटेल असं काही द्यायचं, शांतता मागाहून येते.

ज्यांच्या वाट्याला छडी आली, त्यांची आठवण आजही जिवाला लागते. ती पोरं गप्प झाली खरी, पण गणित अडलं तरी विचारेनाशी झाली. त्यांच्यातल्या एखाद्याला मागून नीट ऐकूच येत नसेल, एखाद्याला खेळतानाही चित्त थाऱ्यावर ठेवता येत नसेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही यायचं नाही. आज कान तपासता येतात, बालरोगतज्ज्ञांना विचारता येतं. शंका आली तर ते आधी करावं, रागावणं राहू द्यावं.

आता नातवंडांच्या तक्रारी फोनवर येतात आणि सुना-लेकी तशाच घोरात पडतात. आम्ही त्यांना सांगतो, शाळेतून आल्यावर हातातलं काम ठेवून पोराचं सगळं ऐकून घ्या, मगच अभ्यासाला बसवा. पोट भरून बोलून झालेलं मूल लवकर स्थिरावतं. अभ्यासही थोडा थोडा द्या, मधे उठू द्या. आणि पालकसभेला बाई भेटल्या की त्यांना विनवतो: आमच्या पोराला पुढच्या बाकावर घ्या, वह्या वाटायला लावा आणि आठवड्यातून एकदा तरी वर्गापुढे गोष्ट सांगू द्या.