कुठल्या बहराची साल?

ज्यूसवाल्याने पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "मॅडम, एवढी सालं नेऊन करणार काय? दंतमंजन?" मी म्हटलं, चांदी करणार. तो हसला आणि पिशवी गच्च भरून दिली.

खरं तर चांदी मी करत नाही. ती सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीतून विकतच येते, आणि बिल मंजूर करून घेताना दरवर्षी घाम फुटतो. साल फक्त पाण्यात विरघळलेल्या चांदीचे कण करते. इतके बारीक, की केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी बसतील.

सोलापुरात राहून डाळिंब निवडलं, यात माझी काही हुशारी नाही. सांगोल्याकडून भगवा जातीच्या डाळिंबांचे क्रेट येतात, रस निघतो आणि फळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास असलेली साल उकिरड्यावर जाते. लहानपणी खोकला झाला की आजी हीच साल चघळायला द्यायची. तोंड असं आवळून यायचं की खोकल्याचा विसर पडावा. त्या तुरटपणाचं नाव टॅनिन. हेच टॅनिन चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं आणि कण तयार झाले की त्यांना बिलगून बसतं, म्हणून ते एकमेकांना चिकटून तळाशी जात नाहीत. एरवी या कामाला सोडियम बोरोहायड्राइडसारखं जहाल रसायन वापरतात आणि कण सुटे राहावेत म्हणून वर आणखी काही घालावं लागतं. साल दोन्ही कामं एकटी करते.

ही वाट पुण्याने फार आधी मळली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळवले, ते २००४ साली. पुणे विद्यापीठातून केळीच्या सालीवरचं काम २०१० मध्ये आलं. पुढे संत्री, आंबा, फणस, काही म्हणता काही राहिलं नाही. वाचताना सगळं सोपं वाटतं. सालं धुवा, सावलीत वाळवा, दळा (घरच्या मिक्सरमध्ये नाही, हा सासूबाईंशी झालेला करार आहे), भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात तापवा, गाळा आणि लिटरला १७० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घातलेल्या पाण्यात थेंब थेंब सोडा. पाणी आधी पिवळसर होतं, मग कोऱ्या चहासारखं. माझ्या वर्गातली पोरं फोटोसाठी मोबाइल काढतात.

माझ्याकडे एका वर्षी चहा झालाच नाही. अर्क पडताक्षणी चंचुपात्रात दूध उतरल्यासारखा पांढरा गढूळपणा. मी पाण्यावर संशय घेतला, नायट्रेटवर घेतला, मुलांवर तर घेतलाच. दोन आठवडे असे गेले. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी विचारलं, "सालं कुठली आणलीत या वेळी?" ज्यूसवाला गावाला गेला होता, म्हणून मी फ्रूट प्लेटच्या गाडीवरून आणली होती, आणि घाईत नीट धुतली नव्हती. गाडीवाला कापलेल्या फळांवर सढळ हाताने मीठ-मसाला भुरभुरतो. मिठातल्या क्लोराइडने चांदी गाठली आणि सिल्व्हर क्लोराइडचा साका झाला. एरवी मिठाच्या खड्याने दूध नासतं. इथे मिठाने पाण्याचं दूध केलं.

त्या दिवसापासून मी सालीची वही ठेवते, आणि त्या वहीनेच माझी झोप उडवली. कृती तीच, वजनं तीच, तरी एका पिशवीचा अर्क अर्ध्या तासात रंग देतो आणि दुसऱ्या पिशवीचा दुसऱ्या दिवशी. डाळिंबाला तीन बहर. आंबिया, मृग आणि हस्त. पावसात पोसलेलं फळ वेगळं, उन्हाच्या तडाख्यात पिकलेलं वेगळं. साल तरी सारखी कशी असेल? शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो बहर विचारल्याशिवाय डाळिंबावर बोलतच नाही. आणि आमच्या शोधनिबंधांत? 'स्थानिक बाजारातून आणलेली साल' असं एक वाक्य असतं, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांना चार पानं. मला हे उलटं वाटतं. सूक्ष्मदर्शकाचं काम पैसे भरून बाहेरून करून मिळतं. गेल्या वर्षीची साल कुणी करून देत नाही.

रंगावरही मी आता पटकन भाळत नाही. सालीचा अर्क मुळातच तपकिरी, नुसता तापवला तरी गडद होतो. म्हणून चांदी न घातलेलं पात्र शेजारी ठेवायचंच, आणि वर्णपटमापकावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात उंचवटा दिसल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या नाहीत. चांदीचे कण जांभळा-निळा प्रकाश गिळतात, म्हणून उरलेला आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो. उंचवटा नसेल तर पात्रात नुसता काढा आहे.

'हरित' हा शब्द प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर मुलं हिरव्या अक्षरांत छापून आणतात. मी त्यांना हिशेब मांडायला लावते. ऊर्ध्वपातित पाणी करायला वीज लागली. ओव्हन चालला. चांदी खाणीतून आली. आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलंत, तर जंतू मारणारी ही चांदी नाल्यातले उपयोगी जंतूही सोडणार नाही. सालीने बोरोहायड्राइड वाचवलं आणि कचरा थोडा कमी केला. तेवढं नक्की, आणि तेवढंच म्हणावं.

म्हणून आमच्याकडे बेसिनशेजारी मिठाची बरणी असते. प्रयोगात न वापरलेलं सिल्व्हर नायट्रेट एका बादलीत जमा होतं, मामा त्यात मूठभर मीठ टाकतात. पांढरा साका खाली बसला की गाळून, वाळवून काचेच्या तपकिरी बाटलीत भरतात. बाटलीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'मॅडमची चांदी'. तीन वर्षांत ती अर्ध्यापर्यंत आली आहे.