मुंतोकची वाट

आमच्या धाकट्या सुनेचे माहेर मलाक्का. हे नाव गोव्याच्या वाचकांस परके नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांचा पवित्र देह गोव्यास येण्यापूर्वी, १५५३ साली, कित्येक महिने तेथील टेकडीवरच्या चर्चमध्येच पुरलेला होता. त्या शहरातील पोर्तुगीज वंशाच्या जुन्या कॅथलिक वस्तीत सुनेची आजी राहते. वयाची नव्वदी तिने केव्हाच ओलांडली आहे. गेल्या वर्षी आम्ही उभयता तिच्या भेटीस गेलो, तेव्हा तिने आमच्यावर एक काम सोपविले.

तिची थोरली बहीण परिचारिका होती. १९४१ साली ऑस्ट्रेलियन सैन्याचे एक मोठे रुग्णालय मलाक्काच्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात आले आणि ही बावीस वर्षांची मुलगी तेथे मदतीस जाऊ लागली. १९४२ च्या जानेवारीत जपानी फौजा दक्षिणेकडे सरकल्या, तसे रुग्णालय सिंगापुरास हलले. आईने दारात तिचा हात धरला. ‘‘यांना पाणी द्यायला कोण आहे?’’ एवढेच बोलून ती जखमींच्या गाडीत बसली. युद्ध संपल्यावर सुटून आलेल्या एका बाईने निरोप आणला, की ती मुंतोकच्या छावणीत तापाने वारली. आईने तो मानला नाही. कबर पाहिल्यावाचून लेकीसाठी मृतांची मिस्सा म्हणू देणार नाही, असे तिने सांगितले आणि शेवटपर्यंत ते पाळले. दर नोव्हेंबरात घरच्या मृतांची यादी चर्चमध्ये जाई; तीत हे एक नाव कधीच गेले नाही. ‘‘मी जाण्यापूर्वी ते घालायचे की नाही, हे मला कळले पाहिजे,’’ असे आजी म्हणाली.

म्हणून सुनेला सोबत घेऊन आम्ही निघालो. सिंगापुरात समुद्राकाठच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत त्या वेळी दुसरे एक ऑस्ट्रेलियन रुग्णालय होते. आज तेथे मुलांचा गलका ऐकू येतो. शहर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडले. त्याआधीच्या दिवसांत बायकामुले, जखमी व परिचारिका यांना घेऊन अनेक बोटी निघाल्या आणि त्यांतील बऱ्याच बांका बेटाजवळ बुडविल्या गेल्या. मावशीआजीची बोटही त्यांतलीच. ‘व्हायनर ब्रुक’ या बोटीवर ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिका होत्या. १४ फेब्रुवारीस ती बुडाली, तेव्हा त्यांपैकी १२ जणी समुद्रातच गेल्या. बांकाच्या राजी किनाऱ्यावर पोहोचलेल्या बावीस जणींना १६ तारखेस जपानी शिपायांनी पाण्यात चालावयास लाविले व पाठीमागून गोळ्या घातल्या. एकटी व्हिव्हियन बुलविंकल वाचली. स्वतः जखमी असूनही ती कित्येक दिवस एका घायाळ इंग्रज शिपायाची शुश्रूषा करीत रानात लपून राहिली. पुढे १९४६ साली टोकियोच्या न्यायालयात तिने साक्ष दिली.

जिवंत राहिलेल्या स्त्रियांना सुमात्रातील पालेंबांग येथे नेण्यात आले. आम्हीही तेथे गेलो. मुसी नदी संथ नि मातकट वाहते. तेथील खारितास रुग्णालय डच धर्मभगिनींनी चालविलेले होते. स्त्रियांच्या व पुरुषांच्या छावण्या वेगळ्या. परंतु दोहोंकडील रोगी येथे येत, आणि नवऱ्याची चिठ्ठी बायकोला येथून गुपचूप पोहोचे. १९४३ साली जपान्यांनी ते बंद केले व धर्मभगिनींनाही कैदेत घातले.

छावणीत वाद्ये नव्हती. तेव्हा मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरी बाईंनी व नोरा चेंबर्स यांनी मोठमोठ्या संगीतकारांच्या रचना स्मरणाने लिहून काढल्या आणि शब्दांवाचून, नुसत्या कंठांनी गाण्याजोग्या केल्या. २७ डिसेंबर १९४३ रोजी सुमारे तीस बायकांनी त्या प्रथम गाईल्या. पुढे उपासमार वाढली, गाणाऱ्या एकेक करून गेल्या आणि ते गायन थांबले. ड्रायबर्गबाईही १९४५ च्या एप्रिलात वारल्या.

१९४४ च्या अखेरीस या साऱ्या जणींना पुन्हा बांकावर, मुंतोक येथे आणिले. आम्ही बोटीने खाडी ओलांडून तेथे उतरलो. दीपगृहाजवळ परिचारिकांचे स्मारक आहे. गाव लहान, कथिलाच्या खाणी आणि पांढरे मिरे यांसाठी प्रसिद्ध. त्या पावसाळ्यात हिवताप, आमांश व बेरीबेरी यांनी छावणीत मृत्यूची रीघ लागली. उठता येत होते तोवर परिचारिका आजाऱ्यांपाशी बसत, आणि बायकाच बायकांसाठी खड्डे खणीत.

आम्ही कबर शोधू लागलो. छावणीच्या दफनभूमीवर आता वस्ती झाली आहे. तेथील काही अस्थी काढून गावच्या कॅथलिक दफनभूमीत पुनः पुरण्यात आल्या. प्रत्येकीचे वेगळे थडगे तेथे नाही. आमची सून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आई, आजीला काय सांगू? नाव तर कोठेच नाही.’’ आमच्यापाशीही उत्तर नव्हते. आम्ही मेणबत्ती लावली, तिघांनी मिळून रोझरी म्हटली, आणि बेळगावहून आणलेली अबोलीची सुकलेली वेणी तेथे ठेविली.

रात्री सुनेने मलाक्कास फोन केला. तिने काहीही लपविले नाही. पलीकडे आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारिले, ‘‘एकटी नाही ना पुरली?’’

‘‘नाही, आजी. सगळ्याजणी एकत्र आहेत.’’

‘‘चर्चच्याच भूमीत?’’

‘‘होय.’’

‘‘मग लिही तिचे नाव.’’

पुरावा म्हणावा असे आम्ही काहीच नेले नव्हते. आम्ही फक्त तिच्या वाटेने मलाक्काहून मुंतोकपर्यंत चालत गेलो आणि जे पाहिले ते सांगितले. आजीच्या आईला कबर हवी होती. आजीला बहीण कोणांमध्ये निजली आहे एवढेच पुरेसे झाले. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, मलाक्काच्या चर्चमध्ये ते नाव प्रथमच वाचले गेले. इकडे बेळगावातही आम्ही आमच्या यादीत ते घातले आहे. वाचकहो, आपल्या कुटुंबातील एखादे नाव असेच राहून गेले असेल, तर यंदाची यादी देण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा अवश्य विचारावे.