भिंती वाचणारा पंडित

बीदर येथे महमूद गवानाने १४७२ साली बांधलेला मदरसा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्याचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे. त्याच्या अंगावर झिलईदार रंगीत फरश्या अजून कोठे कोठे चमकतात. मी एकदा विद्यार्थ्यांना तेथे नेले, तेव्हा एकाने विचारले, "गुरुजी, उरलेले पडले, तर हे असे होते हे कोण सांगेल?"

प्रश्न मार्मिक होता. ज्या मनुष्याने त्याचे उत्तर देण्यात जन्म घालविला, त्याचे नाव गुलाम याझदानी.

याझदानींचा जन्म १८८५ सालचा, दिल्लीचा. ते अरबी-फारसीचे गाढे पंडित होते. हिंदुस्थानातील मुसलमानी शिलालेखांचे सरकारी नियतकालिक त्यांनी अनेक वर्षे संपादिले. शिलालेख वाचणे सोपे, असे कोणी समजू नये. अक्षरे वेलबुट्टीसारखी एकमेकांत गुंफलेली असतात. कोठे दगड झिजलेला असतो, कोठे चुन्याचा लेप चढलेला असतो.

१९१४ साली हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते निघाले व याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. मांडूवर त्यांनी ग्रंथ लिहिला. बीदरच्या इमारतींवरचा मोठा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला.

परंतु मला विशेष वाटते ते पुढेच. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता, म्हणून अजिंठ्याची बौद्ध लेणीही त्यांच्याकडे आली. मशिदी आणि मकबऱ्यांचा हा अभ्यासक त्या चित्रांतही तितकाच रमला. रंगांचे पोपडे सुटत होते. १९२० नंतर दोन इटालियन तज्ज्ञ बोलावून चित्रे भिंतीला पक्की करविली गेली. त्या वेळी लावलेले लाखेचे रोगण मात्र पुढे पिवळे पडले व चित्रे काळवंडली; ते काढण्याचे कष्ट पुढील पिढ्यांना घ्यावे लागले.

म्हणूनच याझदानींच्या दुसऱ्या कार्याचे मोल मला अधिक वाटते. त्यांनी या चित्रांची छायाचित्रे घेवविली आणि प्रत्येक चित्रातील कथा, वस्त्रे, अलंकार यांचे वर्णन लिहून 'अजिंठा' हा ग्रंथ चार भागांत सिद्ध केला. पहिला भाग १९३० साली निघाला. १९४३ मध्ये ते निवृत्त झाले, तरी काम चालूच होते. चौथा भाग १९५५ साली बाहेर पडला, तेव्हा याझदानींना सत्तरावे वर्ष लागून गेले होते.