मंडईच्या गावी मेहमान

साकोलीहून लाखांदूरकडे निघालात की दिघोरी (मोठी) लागते. भंडारा जिल्ह्यातले हे धानाच्या मुलखातले गाव. पर्यटक नागझिऱ्याला वाघ बघून परततात, इकडे कुणी वळत नाही. पण मुलाबाळांसह दोन दिवस काढायचे असतील तर दिवाळीनंतर या झाडीपट्टीत यावे.

तेव्हा गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे उतरतात, मुलामुलींच्या सोयरिकीही इथेच जुळतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. नाटक कंपन्यांचे माहेरघर म्हणजे लाखांदूरच्या पुढे, गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. पहाट झाली तरी प्रेक्षक जागचे हलत नाहीत. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

पाहुण्याने नुसते बघून जाऊ नये, तिथल्या माणसांकडून काही शिकावे, या पर्यटनाला 2000 साली ग्रेग रिचर्ड्स आणि क्रिस्पिन रेमंड यांनी ‘सर्जनशील पर्यटन’ असे नाव दिले. नाव नवे असेल, झाडीपट्टीला रीत जुनीच आहे. तांदळाचे आयते शिकायचे तर चुलीपाशी बसावेच लागते. पीठ किती पातळ, तवा किती तापलेला, हे नुसते सांगून कळत नाही. पहिले दोन फाटणारच. तलावांचेही तसेच. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव 1951 मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले, पण त्यांतले पाणी नि मासळी ओळखावी ती ढिवरांनी. त्यांच्याकडून जाळे विणणे मुलांना जरूर शिकवा. मात्र ती त्यांची रोजी आहे, आपली करमणूक नव्हे.

खरा प्रश्न चुलीचा आहे. मंडईला घर भरते तेव्हा घरातली बाई राबते ती नात्यापोटी. शहरातला मेहमान नात्याने आलेला नसतो. म्हणून किती जणांना घरात घ्यायचे, काय शिकवायचे, फोटो काढू द्यायचा की नाही, हे तिने ठरवावे आणि पैसे तिच्याच हातात पडावेत. आपल्या घरातल्या बायकांसाठी आपण हाच आग्रह धरू ना? राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. त्याचा पाया शेत. ज्यांच्याकडे शेत नाही पण हुनर आहे, त्या ढिवर-दंडारवाल्यांसाठीही गावाने जागा ठेवायला हवी. बाहेरच्या ठेकेदाराने मंडप घालून खोटी मंडई भरवली, तर ती बघायला इतक्या दूर यायचे कशाला?

हलालचे यजमानांना आधीच सांगावे, त्यात संकोच कसला! भात, डाळ, आयते आणि तलावातली मासळी यांवर मजेत भागते. रात्रीच्या नाटकातली नाच-गाणी ज्यांना नको असतील, त्यांना दिवसाचा बाजार पुष्कळ आहे. निघण्याआधी मंडईची तारीख मात्र विचारून घ्या; प्रत्येक गावचा दिवस वेगळा असतो.